मोट उतरवून बेटावर

माझ्या बापानं उभ्या आयुष्यात एकदाच सुट्टी घेतली. सुट्टी कशी घ्यायची असते हे त्याला माहीत नव्हतं, आणि ते माहीत नसल्याची शिक्षा आम्ही सगळ्यांनीच भोगली.

देऊळगाव राजाच्या अलीकडे रस्त्याला लागून आमचा मळा होता. वांगी, मिरच्या, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. महाराष्ट्र राज्य नवं नवं झालं होतं, शेजारच्या शिवारापर्यंत विजेचे खांब येऊन उभे राहिले होते, पण आमच्या विहिरीवर अजून मोटच चालायची. भाजीपाल्याच्या घराला दिवाळी असते, पोळा असतो, सुट्टी नसते. वांगं कोणासाठी थांबत नाही. आज तोडलं नाही तर उद्या जून होतं, आणि जून वांगं हातात घेऊन गिऱ्हाईक आपल्याच तोंडाकडं बघतं. माझ्या शाळेत मास्तर 'सहल' म्हणायचे तेव्हा मला वाटायचं, हा शब्द दुसऱ्या कोणाच्या तरी घरचा आहे.

आमच्या घरात मोटेची एक रीत होती. आजोबांच्याही आधीपासूनची. पोळ्याला बैल सुटायचे, अमावास्येला औत बंद राहायचं, पण कातड्याची मोट विहिरीवरून खाली उतरायची नाही. बैल नसले तरी ती चाकाला टांगलेली असायचीच. घरातलं माणूस गेलं तरच ती उतरवायची, पालथी घालायची, आणि सुतक फिटेपर्यंत तशीच ठेवायची. आजी गेली तेव्हा मी लहान होते. मला आजीचं तोंड आठवत नाही. ती पालथी मोट आठवते. आमच्या मळ्यावरून जाणारा माणूस नुसती विहीर पाहूनच ओळखायचा, की या घरात कोणी तरी गेलं.

माय आजारी पडली तेव्हा मी साखरखेर्ड्याला सासरी होते. निरोप आला तशी आले. तिच्या पोटात दुखत होतं, अन्न जात नव्हतं, आणि चोळीच्या बाह्या दंडावर ढिल्या झाल्या होत्या. गावच्या औषधानं भागेना, तेव्हा बानं तिला बुलढाण्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरवलं. मला बरोबर घेतलं ते एवढ्यासाठी की मी सातवी शिकले होते आणि बाच्या मते डॉक्टरचं शुद्ध बोलणं मला समजणार होतं. समजलं. न समजतं तर बरं झालं असतं.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी मायला बाहेर लिंबाखाली बसायला पाठवलं आणि आम्हा दोघांना आत ठेवलं. म्हणाले, गाठ फार पसरली आहे, आता चिरफाड करून उपयोग नाही, त्रासच होईल. घरी न्या. हवं ते खाऊ द्या. आनंदात ठेवा.

बानं टोपी काढून हातात घेतली. मग त्यानं विचारलं, "आनंदात म्हंजे कसं ठेवा लागते, साहेब?"

औषध दिवसातून किती वेळा द्यायचं, हे विचारावं तसं त्यानं ते विचारलं होतं. डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी जमिनीकडं पाहिलं.

बाहेर येता येता बा मला एवढंच बोलला, "तिले सांगाचं नाई." मायनं आम्हाला येताना पाहिलं आणि पदर सावरत उठली. "काय म्हने डॉक्टर?" बा म्हणाला, "उष्णता हाये पोटात. औषध देलं." माय म्हणाली, "एवढी एस.टी. आपटत आलो, अन् निंगाली उष्णताच?" आणि हसली. त्या हसण्यावर आम्ही दोघांनी विश्वास ठेवला. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तसा.

घरी आल्यावर बा तिच्याकडं चोरून बघत राहिला. तिला आनंदात ठेवायचं होतं, आणि कसं ते कोणी सांगितलं नव्हतं. त्यानं बाजारातून तिच्यासाठी पेढे आणले. तिनं ते माझ्या आत्याला दिले. त्यानं तिला मळ्यात यायला मना केलं; ती दिवसभर दारात बसून मळ्याकडं तोंड करून राहिली. त्याचे उपाय संपले. मग एका संध्याकाळी जेवताना तो एकदम म्हणाला, "उद्या तळ्यातल्या बेटावर जाऊ. आवळीभोजन करू. सारेच जाऊ."

आत्याच्या हातातला घास हातातच राहिला. आत्या म्हणजे बाची थोरली बहीण, लवकर विधवा झालेली, आमच्याच घरी राहणारी. मनानं सोनं, पण तोंडात तीळ भिजत नसे, म्हणून तिला दवाखान्यातलं काही सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "बेटावर? तू? अन् वांगे कोन तोडीन?"

"एक दिवस नाई तोडले तं काय आभाळ पडते?" बा म्हणाला.

हे वाक्य आमच्या घरात त्याआधी कोणी उच्चारलं नव्हतं. तिनं बाकडं पाहिलं, मग ताटाकडं.

त्या बेटाची जुनी गोष्ट होती. आमच्या गावापासून बैलगाडीनं सकाळभराच्या वाटेवर एक मोठं जुनं तळं आहे, आणि त्याच्या मधोमध उंचवटा. त्यावर दगडी छत्री, शिंदीची झाडं, एक आवळा. माय नवरी होऊन आली तेव्हा वरात त्या तळ्याच्या पाळीवरून आली होती. गाडीत बसल्या बसल्या तिनं बाला विचारलं होतं, त्या पाण्यात मधी काय हाये? नवऱ्याशी बोललेलं तिचं ते पहिलं वाक्य. बा म्हणाला होता, "जाऊ कधीतरी." त्यानंतर कार्तिकात गावातल्या बायका नाल्याकाठच्या आवळ्याखाली जेवायला जायच्या, माय तिथंही कधी गेली नाही. कार्तिकात मिरची तोडायला येते. 'कधीतरी' तसंच राहून गेलं, आणि आता डॉक्टरनं ते उकरून काढलं.

सकाळी गाडी जुंपली. बानं सालदारालाही सुट्टी देऊन टाकली होती. तो बिचारा बावचळून दोनदा विचारून गेला, मालक, माह्यं काई चुकलं का? रात्रंदिवस मळ्यात राहणारा माणूस गेला म्हणजे मळा उघडा पडला. कातड्याची मोट, नवीनच शिवलेली. दिवसभर राखण नाही म्हटल्यावर कोणी उचलून नेईल, नाही तर कुत्री कुरतडतील. बानं शहाण्या माणसासारखा विचार केला. पहाटेच जाऊन त्यानं मोट उतरवली आणि खोपीत ठेवून कडी लावली.

मला हे गाडी विहिरीपाशी आली तेव्हा दिसलं. उघडं चाक. त्याखाली काही नाही. बा पुढं बसून बैल हाकत होता आणि त्याला काहीच सुचलेलं नव्हतं. इतक्या वर्षांची रीत, आणि त्या माणसाच्या डोक्यात फक्त चोर आणि कुत्री होती. मला त्याच्या पाठीवर बुक्क्या माराव्याशा वाटल्या. मी घाईनं दुसऱ्या बाजूला बोट केलं आणि म्हणाले, "माय, तो बगळा पाय!"

मायनं बगळ्याकडं पाहिलं. "हाव," म्हणाली. "बगळा हाये."

तिनं आधी विहीर पाहिली होती की नाही, हे मला कळलं नाही. पुढचा सगळा दिवस मी तेवढंच शोधत राहिले. तिच्या तोंडावर, तिच्या हातात, तिच्या प्रत्येक बोलण्यात. बाकीची माणसं बेट बघत होती, मी माय बघत होते.

तळ्यावर नाव नव्हती. गुळाची कढई होती. ऊसवाल्यांच्या गुऱ्हाळातली ती मोठी लोखंडी कढई, हंगाम सुरू व्हायचा होता तोवर एक भोई तिच्यात माणसं बसवून बेटावर पोचवायचा. आम्ही चौघं गोल बसलो, गुडघ्याला गुडघे लावून. कढईला अजून जुन्या काकवीचा वास होता. भोयानं बांबू रेटला की ती पुढं जायच्या आधी स्वतःभोवती एक गिरकी घ्यायची. विहिरीत दोरावरून सरसर उतरणारा माझा बाप दोन्ही हातांनी काठ धरून डोळे मिटून बसला. आत्यानं सगळ्या देवांना एकेक करून हाक मारली.

माय म्हणाली, "बाई, उगी बसा. गूळ झाला तं सारेच गोड होऊ."

भोई हसला, आत्या हसली. माझ्या मनात आलं, तिनं नाही पाहिलं. पाहिलं असतं तर असं बोलली नसती. मग लगेच आलं, पाहिलं असेल म्हणूनच बोलली.

बेट आमच्या वांग्याच्या वाफ्यांपेक्षा फार मोठं नव्हतं. छत्रीचा घुमट एका बाजूनं ढासळलेला, आत पाखरांची घाण, पायऱ्या पाण्यात उतरत गेलेल्या. वारा होता, ऊन कोवळं होतं, चारी बाजूंनी पाणी चमकत होतं. चांगलं होतं, उगाच खोटं कशाला बोलू. दुसऱ्या कोणत्याही दिवशी मी तिथून हलले नसते. त्या दिवशी मला ते सगळं चांगलं असण्याचाच राग येत होता.

बानं मायला बेट दाखवायला घेतलं. तिला पुढं घालून तो चालला, आणि दिसेल ते दाखवू लागला.

"हे पाय, शिंदीचं झाड."

"हाव," माय म्हणाली. आमच्या नाल्याला शिंदीच शिंदी आहेत.

"हे पाय, दगड कसा घडवला."

"हाव."

"अन् हे पाय पाणी. चोहीकडं पाणी."

"हाव. पाणी हाये."

त्याच्याजवळचं दाखवायचं संपलं. बेटही संपलं, आम्ही पुन्हा होतो तिथंच आलो. बा तिथं उभा राहिला, हात लोंबकळत. मग म्हणाला, "अजून एक डाव पायतं का?" आणि माय दुसऱ्यांदा त्याच्याबरोबर फिरली. त्याच झाडाला पुन्हा हाव म्हणाली. मी तोंड फिरवून चूल मांडायला बसले, कारण धुराचं निमित्त मला हवं होतं.

गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजले, वांग्याची भाजी केली. मायला कशाला हात लावू दिला नाही. आत्यानं रोडगे एका बाजूनं करपवले आणि माय ते करपताना नुसती बघत राहिली. आपल्या डोळ्यांदेखत दुसऱ्यानं रोडगा करपवावा आणि आपण गप्प बसावं, यापेक्षा मोठी शिक्षा त्या बाईला देता आली नसती. आम्ही त्याला आराम म्हणत होतो.

जेवताना बा सारखा तिच्या ताटात वाढत राहिला. "खाय. घे अजून. डॉक्टर म्हने, मन भरून खा." माय एक घास खायची आणि बानं मान वळवली की बाकीचा आत्याच्या ताटात सरकवायची. आत्याला वाटलं, भावजय प्रेम करून राहिली. ती सगळं खात गेली आणि म्हणाली, "असे दिवस रोज आले पायजे, माय वं!"

बा चुलीतला आर काडीनं उगाच सारत बसला.

जेवण झाल्यावर बानं आवळ्याखाली गोधडी अंथरली. "पड जराशी," म्हणाला. माय दिवसाढवळ्या कधी आडवी झालेली मी पाहिली नव्हती. बाळंतपणातसुद्धा म्हणे ती उठून बसलेली असायची. ती पडली. अंग ताठ, डोळे उघडे. आणि मग मी पाहिलं, तिचा हात गोधडीबाहेर गेला होता. बोटांनी चाचपत तो हराळी उपटत होता. एकेक काडी मुळासकट काढायची, माती झटकायची, बाजूला ठेवायची. त्या निर्जन बेटावर, जिथं कोणी काही पेरणार नव्हतं, ती निंदण करत होती. गोधडीशेजारी हराळीचा छोटा ढीग झाला. जमीन स्वच्छ झाली.

बा भोयाशी शिंगाड्यांबद्दल बोलायला पायऱ्यांवर गेला. आत्या छत्रीच्या सावलीत घोरत होती. माय मला म्हणाली, "ये अशी, इकडं. केस पाय कसे झाले तुहे." मी तिच्यापुढं बसले. ती उठून बसली आणि फणी नव्हती म्हणून बोटांनीच माझे केस उलगडू लागली. मला तिचं तोंड दिसत नव्हतं, तिला माझं दिसत नव्हतं. तिनं तेच साधलं असावं.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "डॉक्टर काय म्हने व, पोरी?"

"उष्णता हाये म्हने."

तिचे हात थांबले नाहीत. "हाव," म्हणाली. "लय मोठी उष्णता असन. तुह्या बापाले सुट्टी घ्यायले लावली."

बोलायला तोंड उघडलं असतं तर सगळंच बाहेर पडलं असतं. तिनं माझी वेणी घातली, घट्ट, लहानपणी घालायची तशी, कपाळाची कातडी ताणली जाईपर्यंत. मग पाठीवर थापटी मारली आणि म्हणाली, "जाय, तोंड धुवून ये." मी पाण्याच्या कडेला गेले आणि तोंड धूत बसले. बराच वेळ धुतलं. पाण्यात माझंच तोंड हलत होतं आणि मला कोणाची तरी इतकी चीड येत होती, डॉक्टरची, बाची, देवाची, त्या चमकणाऱ्या पाण्याची, की कोणावर ओरडावं ते समजत नव्हतं.

परत आले तेव्हा बानं झाड हलवून आवळे पाडले होते आणि त्यातला सगळ्यात मोठा धोतराला पुसून मायला दिला होता. तिनं तो खाल्ला. आंबट लागून तिचं तोंड वाकडं झालं, वरून तळ्याचं पाणी प्यायली. "गोड लागते आता पाणी," म्हणाली. बाचं तोंड असं उजळलं की बघवेना. तो माझ्याकडं वळून म्हणाला, "पाह्यलं? गोड लागते म्हने." जसं काही औषध लागू पडलं होतं.

ऊन उतरायला लागल्यावर निघालो. परतीच्या वाटेवर आत्यानं गाणी म्हटली. माय गाडीत माझ्या खांद्याला टेकून बसली होती. तिचं वजन लागत नव्हतं. मी ठरवून टाकलं होतं, की तिनं विहीर पाहिलेली नाही. दिवस निभावला होता. घर जवळ आलं होतं. अंधुकशा उजेडात विहिरीवरून पुढं गेलो की सकाळी सालदार येईल, मोट चढवेल, आणि आमची चूक कोणाला दिसायची नाही.

विहीर आली तशी माय म्हणाली, "गाडी थांबवा."

बानं बैल थांबवले. त्याला वाटलं तिला मळमळतंय. ती हळूहळू खाली उतरली आणि सरळ विहिरीवर गेली. रिकाम्या चाकापाशी उभी राहिली. बा कासरा तसाच टाकून तिच्या मागं गेला, मी त्याच्या मागं. आणि तिथं, तिच्या शेजारी उभं राहून, तिच्या नजरेनं त्यानं ते चाक पाहिलं, तेव्हा त्याला कळलं आपण काय केलं होतं. माणसाचं तोंड एका क्षणात म्हातारं होताना मी तेवढं एकदाच पाहिलंय.

माय रागावली नव्हती. रोजच्या कामाचं सांगावं तसं तिनं सांगितलं.

"चढवा ते मोट. मी अजून हाये."

बानं खोपीतून मोट आणली. त्याच्यानं चाकावर दोर बसेना. जन्मभर केलेलं काम, आणि गाठ पुन्हा पुन्हा सुटत होती. शेवटी मायनंच दोराचं दुसरं टोक धरलं. मोट चढली. मग ती म्हणाली, "एक काढा." बैल दिवसभर चालून थकले होते, तरी बानं त्यांना गाडीतून सोडून मोटेला जुंपलं. एक मोट भरून वर आली. पाणी खालच्या दगडी कुंडीत पडलं, पाटात वळलं, अंधारात वांग्यांकडं गेलं. मायनं त्या पाण्यात हात धरला आणि तसाच राहू दिला.

"चाला आता," म्हणाली. "वांगे जून झाले असतीन. उद्या लवकर उठा लागन."

त्यानंतर तिनं कधी काही विचारलं नाही आणि आम्ही कधी काही सांगितलं नाही. तिला कळलं होतं, आम्हाला कळलं होतं की तिला कळलंय, आणि तरी बा रोज सकाळी तिला विचारायचा, "उष्णता कमी वाटते का?" आणि ती रोज म्हणायची, "हाव, वाटते."

आंब्याला मोहोर आला त्या दिवसांत ती गेली. मळ्यातून तिला नेलं, परत आलो, माणसं अंगणात बसली. भावकीतला एक म्हातारा उठला आणि रीतीप्रमाणे म्हणाला, चला, मोट उतरवून घेऊ.

बा म्हणाला, "नाई."

म्हाताऱ्याला वाटलं, ऐकू गेलं नसेल. त्यानं पुन्हा सांगितलं. लोक एकमेकांकडं बघायला लागले. कोणी तरी बाच्या खांद्यावर हात ठेवला.

बा भिंतीला टेकून बसला होता. त्यानं कोणाकडं पाहिलं नाही.

"तिची मोट उतरून गेली हाये," तो म्हणाला. "मीच उतरवली. ते जित्ती असताना, तिच्या डोयादेखत. आता अजून किती डाव उतरवू?"